तीन आठवडे एकच शब्द, टेक: टिळकवाडीतल्या घरगुती इंग्लिश क्लासचा माझा रिव्ह्यू

पहिल्यालाच सांगतो, रिव्ह्यू लांब आहे. क्लास मस्त, टीचर मस्त, जरूर जा, असं लिहून मोकळा झालो असतो पण मग का मस्त ते तुम्हाला कळणार नाही, आणि बेळगावात स्पोकन इंग्लिशचे बोर्ड काय कमी आहेत होय, खडेबाजारपासून आरपीडी क्रॉसपर्यंत चालत गेलात तर वाटेत कितीतरी दिसतील. त्यातल्या एका मोठ्या बोर्डाच्या क्लासला मी दोन वर्षांमागं पैसे भरलेले, नाव घेत नाही, एसी हॉल होता, साठ दिवसांत फ्लुएंट करतो म्हणाले, आणि पहिल्याच आठवड्यात हातात झेरॉक्सचा गठ्ठा दिला, तीनशे फ्रेजल व्हर्ब्स आणि समोर मराठीत अर्थ. टेक ऑफ म्हणजे उड्डाण करणे, टेक आफ्टर म्हणजे सारखे दिसणे, टेक इन म्हणजे फसवणे. पाठ करा आणि उद्या म्हणून दाखवा. पाठ केलं की, म्हणूनही दाखवलं, आणि महिन्यात सगळं विसरलो. तेव्हापासून माझं मत झालेलं की हे आपल्याला जमणारं काम नव्हे.

मी उद्यमबागेत एका फौंड्रीत डिस्पॅचला आहे. शिक्षण मराठी मीडियम, नंतर डिप्लोमा. इंग्लिश वाचता येतं, मेल पण लिहितो, कास्टिंग, पॅलेट, इन्व्हॉइस, सगळं ठरलेलं असतंय त्यामुळं गाडी चालते. पण गेल्या पावसाळ्यात इंग्लंडच्या एका गिऱ्हाइकाची मेल आली, "आय टेक इट द पॅलेट्स विल लीव्ह बाय फ्रायडे." मी काय वाचलं, आय टेक इट, म्हणजे मी घेतो, फ्रायडेला. म्हणजे त्यांची गाडी येणार आणि तेच माल उचलणार. मी पॅलेट बांधून, वर प्लॅस्टिक घालून शेडमध्ये तयार ठेवले आणि शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडीची वाट बघत बसलो. सोमवारी त्यांचीच मेल, माल निघाला का म्हणून. साहेबांनी बोलावून घेतलं, मेल मोठ्यानं वाचली आणि म्हणाले, अहो ते घेतो म्हणत नाहीत, शुक्रवारपर्यंत माल निघेल असं धरून चालतो म्हणतायत. ओरडले नाहीत पण मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीन शब्द होते, आय, टेक, इट, तिन्ही मला पाचवीपासून येत होते आणि तिन्ही मिळून काय होतंय ते माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात कुणीतरी या टीचरांचं सांगितलं. हायस्कूलमधनं रिटायर झाल्यात, घराच्या पुढच्या खोलीत क्लास घेतात, आठवड्यातनं चार दिवस, संध्याकाळी साडेसहा ते आठ, फी महिन्याला ८०० रुपये. बोर्ड नाही, जाहिरात नाही. मी गेलो तेव्हा अकरा जण होते, कॉलेजची पोरं, दोन नर्स, वडगावच्या शिवणकाम करणाऱ्या एक काकू, खानापूरहून बसनं येणारा एक जण, आणि एक गोकाकची मुलगी जी इथं मावशीकडं राहून परीक्षांची तयारी करते, तिची भाषा कन्नड पण मराठी चांगली समजते आणि तोडकी बोलते पण.

पहिल्या दिवशी पुस्तक नाही, वही नाही. टीचरांनी टेबलावर पाण्यानं भरलेला तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, टेक म्हणजे काय सांगा. सगळे एका सुरात म्हणाले, घेणे. त्या म्हणाल्या ते घेणे इथं उंबऱ्याबाहेर ठेवा तीन आठवडे, परत जाताना न्या. मग तांब्याकडं हात नेला आणि बोटं त्याच्याभोवती मिटली. फक्त तेवढंच. म्हणाल्या, हे टेक. हात मिटला, वस्तू धरली. धर, असं लिहून घ्या. मग तांब्या धरून दारापर्यंत चालत गेल्या, ही पण टेक, आता मराठीत ती नेणे झाली. परत येऊन तांब्या ठेवला आणि विचारलं यात पाणी किती मावतं, कुणीतरी लिटरभर म्हणालं, मग म्हणाल्या इंग्लिशमध्ये भांडं पाणी टेक करतं, म्हणजे धरतं, पोटात धरतं. मग काकूंना विचारलं, तुम्ही फोनपेवरनं पैसे चालवून घेता काय, त्या हो म्हणाल्या, हे पण टेक, डू यू टेक फोनपे. एक तांब्या आणि एक बाई, वीस मिनिटांत चार अर्थ, आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढं ती मिटणारी बोटंच येत होती. मला तिथंच माझी मेल आठवली. धरून चालतो. आय टेक इट. साहेबांनी अगदी तोच शब्द वापरलेला, धरून, आणि मी घेतो घेतो करत शेडमध्ये बसलेलो.

तरी टीचर प्रामाणिक आहेत हे सांगायला पाहिजे, सगळं धर मध्ये कोंबत नाहीत. टेक अ बाथ, टेक अ वॉक, टेक अ ब्रेक, टेक अ लुक, यात टेकला स्वतःचा अर्थ फारसा उरलेलाच नाही, खरं काम पुढचा शब्द करतो, टेक नुसता गाडा ओढायला जुंपलेला. आपण आंघोळ करतो, फेरी मारतो, विश्रांती घेतो, नजर टाकतो, चार कामाला चार वेगळी क्रियापदं, ती तरी कुठल्या नियमानं आलीत, म्हणाल्या. आणि इंग्रज तर आंघोळीला जास्त करून हॅव म्हणतात, टेक अमेरिकेत जास्त चालतं. टेक अ डिसिजन ब्रिटिश लोक म्हणतात, अमेरिकन मेक अ डिसिजन म्हणतात. हे पाठच करायचं, दुसरा इलाज नाही, असं स्पष्ट सांगितलं.

माझ्या मते अख्ख्या क्लासचा जीव दुसऱ्या आठवड्यात होता. विषय होता, इट टुक मी टू अवर्स. मला दोन तास लागले. खानापूरवाल्यानं सांगितलं "आय टुक वन अवर टू कम", ते चालतंय म्हणाल्या पण त्यात तू वेळ घालवलास असा वास येतो, तुला उशीर झाला बसमुळं आणि दोष तुझ्यावर कशाला. मग फळ्यावर वर मराठी आणि खाली इंग्लिश लिहिलं. मला, इंग्लिशचं मी (me). एक तास, वन अवर. लागला, टुक. सगळे तुकडे आहेत, फक्त टुक पुढं आणायचा आणि त्याच्याही पुढं एक "इट" बसवायचं, कारण इंग्लिशमध्ये गाडीला ड्रायव्हर पाहिजेच, रिकामी गाडी चालत नाही. मी इतकी वर्षं ते इट म्हणजे नक्की कोण असा विचार करत होतो, ते कुणीच नव्हे, नुसतं सीटवर बसलेलं.

आणि मग त्यांनी तो खेळ मांडला. म्हणाल्या, टेकला किती अर्थ म्हणून घाबरता ना, तर "लागणे" चे अर्थ सांगा. आधी कुणी बोलेना. मग एकानं भूक लागली म्हटलं, आणि बांध फुटल्यासारखं झालं. ठेच लागली, आग लागली, नोकरी लागली, लग्न लागलं, थंडी लागली, डोळा लागला, पैसे लागतात, नादाला लागला, चव लागते, नळाला पाणी लागलं नाही तर बोअरला लागलं, निकाल लागला, वाट लागली, ती माझी कोण लागते, दूध खाली लागलं. फळा भरला. टीचर म्हणाल्या हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं, आणि बाहेरच्या माणसाला हे यादी करून पाठ करायला दिलं तर त्याचं काय होईल. शेवटी त्यांनी आमच्याच बोलण्यातलं काढलं, आपण बेळगावात "काय करूलालास" म्हणतो ना, तर ते पण करू लागलास हेच झिजून झालंय. म्हणजे लागणे हे आपण दर वाक्याला वापरतो आणि पत्ताच नाही. पुण्याच्या पाहुण्यांसमोर ज्या बोलीची मला लाज वाटायची ती अशी फळ्यावर चढलेली बघून खरंच बरं वाटलं, मी त्या फळ्याचा फोटो काढून ठेवलाय.

तेवढ्यात गोकाकची मुलगी म्हणाली, टीचर आमच्यात लागत नाही, आमच्यात "एरड तास हिडितैति". हिडी म्हणजे धर. कन्नडमध्ये काम वेळ धरतं! टीचर उठून उभ्या राहिल्या. म्हणजे इंग्लिशचा टेक आणि कन्नडचा हिडी दोन्हीत हात मिटतो, आणि आमचं मराठी तेवढं लागत बसलंय. दोघींनी मग पंधरा मिनिटं कन्नडचं आणि इंग्लिशचं जुळवून बघितलं, कुठं जुळतं, कुठं नाही. हे दुसऱ्या कुठल्या गावच्या क्लासमध्ये होईल असं मला वाटत नाही. इथं प्रत्येकाच्या कानात दोन भाषा आधीच असतात, टीचर त्या दोन्ही टेबलावर मांडतात आणि तिसरी त्यांच्या शेजारी बसवतात. मोठ्या बोर्डाच्या क्लासमध्ये मराठी बोललं तर दहा रुपये दंड होता.

परीक्षेचं उदाहरण पण इथलंच आणि ते मी घरी, ऑफिसात, सगळीकडं सांगतोय. आपण मराठीत परीक्षा देतो, म्हणून आपली पोरं इंग्लिशमध्ये "आय गेव्ह द एक्झाम" म्हणतात. कन्नडमध्ये परीक्षा लिहितात, म्हणून ती मुलगी "आय रोट द एक्झाम" म्हणते. आणि इंग्लिशमध्ये विद्यार्थी परीक्षा टेक करतो, शिक्षक ती गिव्ह करतो. अगदी उलटं! आपल्यात परीक्षा घेतली म्हटलं की घेणारे मास्तर. मग "आय टुक द एक्झाम" असं म्हणायला जीभ वळत नाही कारण आत कुठंतरी वाटतं आपण मास्तर झालो. टीचर म्हणाल्या, इथं घेणे नको, अंगावर घेणे धरा, आलेली परीक्षा तुम्ही अंगावर घेतली. इंग्लंडमध्ये सिट पण म्हणतात, परीक्षेला बसणे, ते तर आपलंच आहे. क्लासचं पण तसंच, आपल्याकडं क्लास घेतात म्हणजे शिकवतात, अमेरिकेत कुणी "आय टेक अ क्लास" म्हटलं तर तो शिकायला जातोय. एका नर्सचा भाऊ तिकडं असतो, ती म्हणाली तो फोनवर क्लास घेतो म्हणाला तेव्हा घरच्यांनी मास्तर झाला म्हणून पेढे वाटायची तयारी केलेली.

फ्रेजल व्हर्ब्सची मला भीती होती, तो झेरॉक्सचा गठ्ठा आठवून. इथं ते शिवणकामाच्या काकूंनी शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. टीचरांनी विचारलं, ब्लाउज सैल झाला तर काय करता. काकू म्हणाल्या बाजूनं आत घेते. टेक इन. लांबी जास्त झाली तर? वर घेते. टेक अप. शब्दाला शब्द! काकू गप्पच झाल्या, मग म्हणाल्या म्हणजे मला येतंय की हे. त्यानंतर सगळ्यांनी आपापल्या कामातलं काढायला सुरुवात केली. काम हाती घेणे, टेक अप. जबाबदारी अंगावर घेणे, टेक ऑन. मी डिस्पॅचचा म्हणून मला आलेला माल परत घेणे, टेक बॅक, आणि नवा मॅनेजर येऊन चार्ज घेतो तो टेक ओव्हर. मनाला लावून घेऊ नको, डोन्ट टेक इट टू हार्ट. मुलगी आईवर गेलीय, टेक्स आफ्टर, इथं आपण जातो आणि ते मागं मागं धरतात. टेक ऑफ ला टीचरांनी डोळ्यावरचा चष्मा काढला आणि विचारलं, यात ऑफ कुठं आहे. चष्मा नाकाला चिकटलेला होता तो सुटला, ते सुटणं म्हणजे ऑफ. सांबऱ्याच्या धावपट्टीवरनं विमान सुटतं ते पण तेच, जमिनीला चिकटलेलं होतं, सुटलं. धंदा टेक ऑफ होतो तो पण. त्या झेरॉक्समध्ये हे तीन वेगळ्या नंबरवर होते.

तिसऱ्या आठवड्यात एक दिवस शब्दाच्या इतिहासाचा होता आणि मला वाटलं हा कंटाळवाणा जाणार. नाही गेला. हा टेक मुळात इंग्लिश नाहीच! इंग्लिशचा जुना शब्द होता निमन, घेणे धरणे याला तोच चालायचा, जर्मनमध्ये त्याचा भाऊ नेहमेन आजही आहे. मग ८६५ साली डॅनिश लोकांचं मोठं सैन्य इंग्लंडात उतरलं, लढाया झाल्या, आणि त्यातले बरेच लोक उत्तरेला आणि पूर्वेला राहूनच गेले, शेती करू लागले, सोयरिकी झाल्या. त्यांचा शब्द होता टाका, अर्थ धरणे, पकडणे. शेजार वाढत गेला आणि पुढच्या काही शतकांत निमन मागं पडला आणि टाकाचा टेक झाला. निमनचा एक तुकडा नम (numb) या शब्दात राहिलाय, बधिर, म्हणजे अंगातली जाणीव कुणीतरी घेतलेली. विंडो, स्काय, एग, एवढंच काय दे हा शब्द, ते लोक म्हणतो तो, तो पण त्यांच्याकडनंच आलाय. वस्तूंची नावं तर सगळेच उसनी आणतात, पण टेकसारखं रोजचं क्रियापद आणि दे सारखं सर्वनाम उसनं घ्यायचं म्हणजे चूल किती जवळ असली पाहिजे, असं टीचर म्हणाल्या. मग आमच्याकडं बघून, तुम्ही अण्णा म्हणता, अक्का म्हणता, भातावर तूप घालता, अडकित्त्यानं सुपारी कातरता, हे कुठनं आलं. कन्नडमधनं. गोकाकची मुलगी हसली, तुप्प, म्हणाली. कुणी कुणाचं काय घेतलं यावर आपल्याकडं किती भांडणं होतात ते मी नव्यानं सांगायला नको, पण त्या संध्याकाळी त्या खोलीत कुणाला भांडावंसं वाटलं नाही.

आता कमी काय ते पण सांगतो. बोलण्याची प्रॅक्टिस कमी होते. दीड तासात प्रत्येकाच्या वाट्याला चार पाच वाक्यं येतात, ज्याला पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे त्याला हे पुरणार नाही. उच्चारावर फार वेळ देत नाहीत. परदेशी जायच्या परीक्षेची तयारी हवी असेल तर तिथं जाऊ नका, टीचर स्वतःच नको म्हणतील. छापील नोट्स मिळत नाहीत, फळ्यावरचं आपणच उतरवायचं आणि फळा लहान आहे, सारखा पुसावा लागतो. बसायला सतरंजी, गुडघे दुखणाऱ्यांना दोनच खुर्च्या आहेत, आधी सांगून ठेवलं तर ठेवतात. पावसाळ्यात डास आहेत. गाडी लावायला जागा नाही, गल्लीच्या तोंडाला लावून चालत जावं लागतं. सेकंड शिफ्टवाल्यांना टायमिंग अजिबात जमणार नाही, मी स्वतः शिफ्ट बदलून घेतली तेव्हा जमलं, सकाळची एक बॅच सुरू करा म्हणून आम्ही चौघांनी विचारलंय. आणि वेग सावकाश आहे, एका शब्दाला तीन आठवडे म्हटल्यावर दोघं जण पहिल्याच आठवड्यात सोडून गेले. त्यांचं पण चूक म्हणत नाही, घाईत असलेल्या माणसाला हे पटणं अवघड आहे. मला मात्र त्या ८०० रुपयांत आधीच्या साठ दिवसांपेक्षा जास्त मिळालं, याबद्दल मनात शंका नाही.

फरक काय पडला म्हणाल तर मागच्या महिन्यात त्याच गिऱ्हाइकाची मेल आली, एक कास्टिंग रिजेक्ट झालेलं, आणि शेवटी लिहिलेलं "वुई विल टेक धिस अप विथ युवर क्वालिटी टीम." आधीचा मी असतो तर कुठली वस्तू उचलून कुठं नेतायत म्हणून परत शेडमध्ये गेलो असतो. हाती घेणे, विषय हाती घेणे, हे वाचता वाचताच कळलं, डिक्शनरी उघडावी लागली नाही. क्वालिटीच्या माणसाला फोन करून सांगितलं, तुमच्याकडं विषय येतोय, रिपोर्ट तयार ठेवा. साहेबांना पण कळवलं. ते फक्त बरं म्हणाले, पण मला पुरेसं होतं.

पुढची बॅच गणपती झाल्यावर सुरू होते आणि तेव्हा शब्द असणार आहे पुट. जाणार असाल तर सहालाच निघा, रेल्वे गेट पडलं की तिथंच अडकायला होतं आणि टीचर साडेसहाला दार लावून घेतात. मी नाव घातलंय. पहिल्या दिवसासाठी "घालणे" ची यादी करून आणायला सांगितलीय, म्हणून काल रात्री वही घेऊन आईजवळ बसलो, ती भाकरी करत होती, न वळता सांगत गेली, सडा घाल, वेणी घाल, शिव्या घाल, जेवायला घाल, पाळण्यात घाल, पाठीशी घाल, वाद घाल, खतपाणी घाल, माझं एक पान झालं, आई अजून भर घालतीय.